खेचरछाप

आमच्या खेचरछाप रेकॉर्ड कंपनीचं पहिलं कंट्री गाणं टेनेसीतल्या प्रत्येक खाणावळीत वाजलं. मग नॅशव्हिलच्या बड्या कंपनीने आमचा गवई डार्नेल पळवला, आणि दुकानांनी न खपलेल्या तबकड्या परत धाडल्या. आमचं कोंबड्यांचं खुराडं छतापर्यंत भरलं.

एका सकाळी पाहतो तर माझी बायको ओलीथा खुराड्यात छिन्नी-हातोडी घेऊन बसलेली. एकेका तबकडीच्या मधला कागद, वरच्या खेचराच्या चित्रासकट, ठोकून पाडत होती.

"अगं, डोकं फिरलं का? आपलंच नाव आहे ते!"

"कागद वितळत नाही, व्हर्जिल. कारखानेवाला म्हणाला, नुसतं प्लास्टिक आणा, दळून त्याचीच नवी तबकडी काढून देतो."

"आणि गाणार कोण? तू?"

"युडोरा. चर्चमध्ये गाते ती. त्या पळपुट्या डार्नेलपेक्षा शंभर पटीने बरी. उभा काय राहिलास? घे हातोडी."

घेतली. संपूर्ण खुराडं रिकामं केलं.

महिन्याभराने नवी तबकडी आली. युडोराचा गळा मधासारखा, पण मागे सतत बारीक खरखर. माझं तोंडच उतरलं.

"खरखरतंय गं. जुना माल दळल्याने झालंय हे. रेडिओवाले हसतील."

ओलीथाने आवाज आणखी वाढवला.

"हसू देत. आपली खेचरछापच दळलीय त्यात, खेचर काय मुकाट्याने मरेल?"