वरचा सा

आदितीनं नीपर्यंत सूर वाजवले, बोट उचललं आणि वाट बघितली. वरचा सा आला नाही.

तो तिनं वाजवायचाच नव्हता. तो आज्जाचा होता. पियानोवर रोज तीच ती स्केल घोटायचा पोरीला इतका कंटाळा, की पियानो शिकवणाऱ्या दीपामॅडमनी वहीत चिकटवलेल्या चांदण्यासुद्धा काही कामाच्या ठरल्या नव्हत्या. शेवटी तिच्या आज्जानं, तात्यासोंनीच तोड काढली. जन्मभर बस्तीत, जैनांच्या देवळात, पूजेला पेटी वाजवलेला माणूस; अर्धवट सोडलेली सरगम त्यांना घशात अडकलेल्या घासासारखी व्हायची. "सात तुझे, आठवा माझा," म्हणाले. तेव्हापासून आदिती सातव्यावर थांबायची आणि घरात असतील तिथनं तात्यासो वरचा सा लावायचे. न्हाणीतनं, गच्चीवरनं, एकदा तर फोनवर पाहुण्यांशी बोलता बोलता. मॅडम कुठलंही स्केल देवोत, आज्जाचा सा बरोबर जागेवर यायचा. पोरगी आता खेळ सोडून पियानोवर बसायला लागली होती.

संध्याकाळी सामायिकाला बसले की मात्र तात्यासो बोलत नसत. दार लोटून, डोळे मिटून ध्यान. पण तेव्हाही पुढ्यातल्या चौरंगावर बोटाची एक टकटक व्हायचीच. उठल्यावर मग खोटा राग, की माझं ध्यान मोडलंस, हे पाप तुझ्या खात्यावर.

आज ती टकटकही आली नाही.

तिनं परत वाजवलं, जरा जोरात. आतून नुसता पंख्याचा आवाज. ती स्टुलावरून उतरून दारापाशी गेली, तोच स्वयंपाकघरातनं आईनं, त्रिशलानं हटकलं.

"दाराला हात लावू नगंस. सामायिकाला बसल्यात."

"आई, आज्जा सा देईना झालाय."

"मग चांगलंच हाय की. ध्यान लागलं असंल."

गेल्या आठवड्यात आदितीनं असंच दार उघडलं होतं. तात्यासोंनी सगळं सामायिक पहिल्यापासून केलं आणि त्यांचं जेवण हुकता हुकता राहिलं. दिवस बुडाल्यावर त्यांच्या तोंडात कधी अन्नाचा कण गेलेला नव्हता, त्यामुळं उशीर म्हणजे सरळ उपास. आईनं तेव्हा तिला चांगलंच फैलावर घेतलं होतं. आदिती मुकाट्यानं परत स्टुलावर बसली. ध्यान लागलं तरी आज्जाचं बोट हलतं, हे तिला माहीत होतं. आईला माहीत नव्हतं.

तिनं दुसरं स्केल घेतलं. मग तिसरं, तात्यासोंच्या आवडीचं. दर वेळी सातव्यावर थांबायची, आणि दर वेळी घर आणखी गप्प वाटायचं. वाजवायची तिला भीती वाटत होती, आणि थांबायची त्याहून जास्त.

त्रिशलानं ताट वाढलं, झाकलं. झाकण काढून बघितलं, पुन्हा ठेवलं. मग पिठाचे हात तसेच घेऊन बाहेरच्या खोलीत आली. खिडकीत सूर्य शेजारच्या पाण्याच्या टाकीला टेकला होता. या वेळेपर्यंत तात्यासो हात धुऊन पाटावर असायचे. ती बंद दाराकडं बघत उभी राहिली. पियानोनं डोकं उठतं म्हणून रोज कुरकुरणारी आई, हळूच म्हणाली,

"परत वाजव."

आदितीनं वाजवलं.

"जोरात, बाळ."

बोटं घामानं घसरत होती. सा रे ग म प ध नी. आईनं श्वास रोखून धरलाय हे आदितीला दिसलं आणि मग ती खरी घाबरली. मोठी माणसं घाबरली की लहानांना लपायला जागा उरत नाही.

त्रिशलानं पदराला हात पुसले आणि दार ढकललं.

स्टुलावरून आतलं थोडंच दिसत होतं. चौरंग. त्याच्याशेजारी पडलेली जपमाळ. आज्जाचा उजवा हात मांडीवर उताणा, दुसऱ्या कुणाचा तरी आणून ठेवल्यासारखा.

"मामा," आईनं सासऱ्यांना हाक मारली. मग मोठ्यानं, "मामा."

ती तशीच बाहेर धावली. गॅलरीत जाऊन शेजाऱ्यांना म्हणाली, "विजयसिंह भावजी, गाडी काढा. मामांचं तोंड वाकडं झालंय."

आदिती जागची हलली नाही. तेवढ्यात आतून आवाज आला. ओला, जिभेत अडखळलेला. बोलायचं नाही त्या वेळी आज्जा बोलत होता. नाही, बोलत नव्हता. सा लावत होता. पण तो लागत नव्हता. नीच्याही खाली घसरत होता आणि परत वर चढायला बघत होता.

आज्जाचा सूर चुकलेला तिनं कधीच ऐकला नव्हता. तिला रडू फुटलं. रडत रडतच तिनं आठव्या पट्टीवर बोट ठेवलं आणि दाबलं. सूर उमटला आणि विरत गेला. आतला आवाज अजून चाचपडत होता. तिनं परत दाबलं.

खाली गाडी सुरू झाली, जिन्यात पावलं वाजली, आई कुणाला तरी धरा म्हणत होती. आदिती तीच एक पट्टी दाबत राहिली. आज्जा वर पोचेल तेव्हा सा जागेवर असायला हवा होता.