कोपऱ्यातली करवंदं

म्हातारा आजही तारेच्या कुंपणापाशी उभा होता.

अनुयाने पाण्याची नळी खाली ठेवली. पालेगावच्या या रो-हाऊसमध्ये राहायला येऊन तिला आठ महिने झाले होते. त्यातले निम्मे दिवस तरी हा माणूस तिला घरामागच्या कच्च्या वाटेवर असाच उभा दिसला होता. बाळाजी त्याचं नाव. ही सगळी जमीन एकेकाळी त्याची होती. ती बिल्डरला विकून तो आता बायकोबरोबर गावातल्याच एका दोन खोल्यांच्या घरात राहत होता.

सुरुवातीला अनुयाला त्याची दया आली होती. स्वतःच्या शेतावर परक्यांची घरं बघवत नसतील, असं ती पुष्करला, तिच्या नवऱ्याला, म्हणालीही होती. एकदा तिने त्याला चहाला बोलावलं. तो फाटकापर्यंत आला, पण आत पाऊल टाकेना. अंगणाच्या मागच्या कोपऱ्याकडे बघत त्याने एवढंच विचारलं, की तिथे काय लावणार.

अनुयाला हौस होती फळझुडपांची. सहा वर्षांच्या लेकीने, राजसीने, आपल्या हाताने फळ तोडून खावं, एवढीच तिची इच्छा. अंगण लहान, म्हणून सगळं एकत्रच लावायचं ठरलं. मधोमध तुती, तिच्या विरळ सावलीत स्ट्रॉबेरी, उन्हाकडच्या बाजूला रसभरी, भिंतीलगत फालसा. बदलापूरचा नर्सरीवाला म्हणाला होता, उंच-बुटकी झाडं जवळजवळ असली की माती उघडी पडत नाही आणि पाणीही कमी लागतं.

अनुयाने हे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी बाळाजी पोतंभर करवंदीची रोपं घेऊन आला.

"त्या कोपऱ्यान हीच लावा, बाय," तो म्हणाला. "दाट लावा. काट्यान पोरा जात नाय."

फुकटची रोपं होती. तिने लावली.

हिवाळ्यापर्यंत तुती तिच्या डोक्यावर गेली, रसभरीला कागदी कंदिलांसारखी फळं लटकली. स्ट्रॉबेरी मात्र तुतीखाली रडतखडत जगत होती. तुतीची मुळं तिच्या वाट्याचं सगळं पाणी ओढून घ्यायची. त्यातच एकदा करवंदीने राजसीचा हात चांगलाच ओरबाडला. अनुयाने त्याच दुपारी करवंदी मुळासकट काढल्या आणि स्ट्रॉबेरीची रोपं कोपऱ्यात हलवली. तिथली माती भुसभुशीत होती. पाणी घातलं की थोडी खाली बसायची. भराव नवा आहे, बसणारच, असं म्हणून पुष्करने दोन पोती माती आणून ओतली. स्ट्रॉबेरी तिथे अशी फोफावली, की राजसी शाळेतून आली की थेट त्या वाफ्यात जाऊन बसू लागली.

तेव्हापासून म्हातारा दिवसातून दोन-दोनदा यायला लागला.

तो झाडांकडे बघत नसे. राजसीकडे बघे. ती वाफ्यातून उठून घरात गेली, की मगच तो वाट चालू लागे. एका संध्याकाळी राजसीने सांगितलं, की आजोबा विचारत होते, इथे अजून कोण कोण मुलं येतात. तिने त्यांना आपल्या रविवारच्या वाढदिवसाचं सांगून टाकलं होतं. वर्गातली दहा जणं येणार होती, स्ट्रॉबेरी तोडायला. ते ऐकून आजोबा लगेच निघून गेले म्हणे.

पुष्कर म्हणाला, आता मात्र हे फार झालं.

रविवारी सकाळी अनुयाने मागचं दार उघडलं आणि ती जागच्या जागी थिजली. आठ महिन्यांत कधी आत न आलेला बाळाजी अंगणात होता. वाफ्याच्या कडेला पोटावर आडवा पडून, हात लांब करून तो एकेक रोप उपटत होता. शेजारी करवंदीच्या फांद्यांचा भारा पडला होता. राजसीची छोटी खुर्ची त्याने कुंपणाबाहेर भिरकावली होती.

तिची किंकाळी ऐकून पुष्कर धावत आला. त्याने म्हाताऱ्याला ओढून उभं केलं. शेजारी जमले, बिल्डरचा मॅनेजर महेंद्रही आला. म्हातारा भ्रमिष्ट झालाय, जमीन गेल्याचं दुःख डोक्यात गेलंय, असं महेंद्र सगळ्यांना समजावत होता. बाळाजीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. पोलीस येईपर्यंत तो अनुयाला एकच वाक्य बोलला.

"आज पोरांना घरान ठेवा, बाय."

ही धमकीच होती. अनुयाने तक्रारीत ती शब्दशः लिहून दिली.

पोलीस त्याला घेऊन गेल्यावर दोघांनी मिळून वाफा पुन्हा नीट केला. काटे बाहेर टाकले, रोपं दाबून बसवली, वर भरपूर पाणी सोडलं. तुतीला फुगे बांधले. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच अनुयाला मोकळं वाटत होतं. कुंपणापाशी कोणी नव्हतं.

चार वाजता मुलं आली. हातात एकेक वाटी घेऊन गलका करत मागे पळाली. पुष्कर केक आणायला बाहेर पडला. एवढ्यात बेल वाजली.

दारात बाळाजीची बायको गोदू उभी होती. चालत आली असावी. तिला धाप लागली होती. तिने तोंड उघडायच्या आत अनुयाने सांगून टाकलं, की तक्रार मागे घेणार नाही, रडून उपयोग नाही.

गोदू रडत नव्हती. त्याला राहू दे तिकडेच, ती म्हणाली. मुलं कुठे आहेत, तेवढं सांग.

"मागे आहेत. कोपऱ्यात, स्ट्रॉबेरी तोडतायत."

गोदूने दाराची चौकट घट्ट धरली.

"हितं कायच नव्हतं, असं लिवलेल्या कागदावर आमी अंगठा दिला, बाय. बोललो तर पैसं परत घेतील. त्या कोपऱ्यान आमची विहीर हाय. बिल्डरनं वर निसत्या लाकडाच्या फल्या टाकल्यान."