गळसरी

इंग्रजी अमलातली गोष्ट. मूर्तिजापूरच्या मळ्यात अकोल्याहून एक विधवा मास्तरीणबाई येत, तीन वर्षांच्या बहिऱ्या मंजुळेला बोलायला शिकवायला. लेकराचा हात आपल्या गळ्यावर ठेवून त्या “आई” म्हणत. घशातली थरथर तळव्याला लागली की मंजुळाही सूर काढी. तिची आई माणिकबाई वांगी निवडताना जळफळे: पोटची पोर परकीच्या गळ्यात पडते! शेवटी तिनं विचारलंच, “माह्या गळ्याले काहून हात लावत नाई थे?” “लावते, पण गच्च गळसरीवरून तिला तुमचा आवाज लागत नाही.” माणिकबाईनं तिथंच गळसरी सोडली. सासू किंचाळली, “अवं, नवरा जिता हाये तुहा!” “त्याले कान हायेत आत्याबाई, त्याले सांगता येईन.” तिनं मंजुळेचा हात उघड्या गळ्यावर ठेवला, “आई” म्हटलं. मंजुळा हसली. दुसरा हात मात्र मास्तरीणबाईंच्याच गळ्यावर होता. माणिकबाईनं तोही ओढून घेतला.