पडवीतली बॅटरी

माझा नवरा हुसेन कतारला परतल्यापासून गाडीची बॅटरी रोज उतरत होती. नवी घातली, वायरिंग तपासून घेतलं, तरी सकाळी चावी फिरवली की नुसतं टकटक. फोनवर त्याचं एकच पालुपद, "शमीम, तू दार नीट लावत नसशील." ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं.

शेवटी मेकॅनिक बाबल्याने बॅटरीच काढून पडवीत ठेवली. "आता बघूया भाभी, करंट खातंय कोण ते."

दिवेलागणीला मगरिबची नमाज आटपून मी पडवीत आले. बॅटरी तिथेच होती, फडक्याखाली.

अंगणात गाडीच्या आतला दिवा पेटला होता. चावी माझ्या ओढणीच्या गाठीत.

मी बघत असतानाच दिवा हळूहळू विझला, कुणी आत बसून दार नीट लावून घेतल्यावर विझतो तसा.