मोठा कॅमशाफ्ट

दादासोंनी गॅरेजच्या टेबलावर दोन कॅमशाफ्ट ठेवले. लेकीच्या, संघप्रियाच्या, शर्यतीच्या गाडीला टर्बो नव्हता. ताकद वाढवायची तर इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा हा दांडाच बदलायला हवा होता. बेताचा शाफ्ट कुठल्याही वेगाला साथ देणारा होता. मोठा मात्र इंजिन किंचाळत असेल तेव्हाच जोर द्यायचा; वळणावर जरा वेग सोडला, की गाडी मरगळणार.

"म्हंजे वळणाला बी जोरातच घुसायचं. बेताचाच घे, पोरी."

"थांबा पप्पा, आधी चालवून बघते."

"कशावर? इंजिन तर उघडून पडलंय की!"

संघप्रियानं प्लास्टिकची खुर्ची ओढली, बसली आणि डोळे मिटले. तोंडानं इंजिनाचा आवाज काढत तिनं अख्खा ट्रॅक चालवायला घेतला. हात गिअर टाकत होता, पाय क्लच दाबत होता, वळणावळणाला मान कलत होती. आवाज मात्र कुठंच मरगळत नव्हता. दादासो श्वास रोखून बघत राहिले.

तिनं डोळे उघडले. "पप्पा, पाय कशाला दाबून धरलाय?"

दादासोंनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबल्यासारखा फरशीवर घट्ट टेकला होता.

"वळण आलं की गं!"

"मग? घसरली का गाडी?"

"न्हाय की," ते हळूच म्हणाले.

आणि भीतीपोटी आजवर लेकीची एकही शर्यत न पाहिलेल्या दादासोंनी मोठा शाफ्ट उचलून तिच्या हातात दिला.