क्रुसाखालची गोधडी

“आवाज घुमी ऱ्हायना, काका,” म्हणत कामिनीने आपला हेडफोन जामसिंगकाकांच्या कानांवर चढवला. पत्र्याच्या त्या लहानशा चर्चात घुमणारा स्वतःचाच आवाज ऐकून काकांचं तोंड एवढंसं झालं. आज मंडळीचा पहिला व्हिडिओ पॉडकास्ट होता, तोही लाइव्ह. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली निम्मी मंडळी तिकडच्या पडावांवर, खोपट्यांच्या तळावर, मोबाइल उघडून वाट बघत बसली होती. आणि मंडळीचे पंच असलेले काका रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखे ऐकू येत होते.

“मंग काय करानं?”

“भिंतीस्ले गोधड्या टांगा. जाड जाड.”

फोमच्या भिंती परवडणार कोणाला? कॅमेरा म्हणजे कामिनीचा मोबाइल, स्टँड म्हणजे बांबूची तिकाटी, लाइट म्हणजे बटर पेपर गुंडाळलेली ट्यूब. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे व्हिडिओ काढणारी ही पोर देवाच्या कामाला फुकट राबतेय, म्हणून सगळे तिच्यावर खूश होते. काका तर दर रविवारी तिच्या डोक्यावर हात ठेवत. त्या डोक्यात काय शिजत होतं, ते त्यांना कुठून कळणार!

तिचा बाप दगा याच चर्चात ढोलकी वाजवायचा. मागच्या वर्षी तापात त्याची शुद्ध हरपली, तेव्हा त्याच्या भावाने त्याला उचलून भगताकडे नेलं. भगताने मनगटाला काळा दोरा बांधला. दोन दिवसांनी दगा गेला आणि काकांना तो दोरा दिसला. “भगतना दोरावाला आपला कब्रस्तानमा नको,” एवढं बोलून ते वळले. कामिनीची आई शांतीबाई त्यांच्या पायांवर पडून रडली, तरी माणूस विरघळला नाही. दगाला नाल्याकाठी पुरावं लागलं. कामिनी मात्र रडली नाही. याचा वचपा काढल्याशिवाय राहायचं नाही, हे तिने तिथेच ठरवलं होतं.

बायकांनी घरोघरच्या गोधड्या आणून बाजूच्या भिंती झाकल्या. काकांच्या खुर्चीमागची, क्रुसाखालची भिंत तेवढी उघडी राहिली. तिथली गोधडी कामिनीने आपल्या घरून आणली. जुनी, पण चांगली जाड होती. खिळे तिने काकांच्याच हातात दिले, कारण क्रुसाच्या भिंतीला पंचांशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा काकांचाच नियम. म्हातारा स्टुलावर चढला आणि एकेक खिळा मन लावून ठोकला.

लाइव्ह सुरू झालं. आता आवाज कसा, घरातल्या माणसाशी बोलावं तसा! पडावांवरून धडाधड ‘आमेन’ यायला लागले. काकांना भरून आलं. माइकसमोर ते नेहमीच पुस्तकी बोलत, आज तर जास्तच.

“मंडळींनो, ही मागची गोधडी पाहा. देवाला अशीच साधी भेट आवडते. आजपासून ही देवाच्या घराची झाली. ही कायम इथेच राहील, हा माझा शब्द आहे. उद्या मीसुद्धा ती काढायची म्हटलं, तरी तुम्ही काढू देऊ नका!”

पुन्हा आमेन. समोर बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत शांतीबाईने पदर तोंडाला लावला.

एवढंच कामिनीला हवं होतं. लाइव्ह बंद न करता ती मोबाइलमागून उठली, काकांच्या खुर्चीजवळ गेली आणि त्यांच्या कॉलरच्या माइकपाशी वाकली. म्हातारा कौतुकाने हसत होता.

“काका, हाईच गोधडीवर मन्हा बाप मरना,” ती म्हणाली. “आते तो आठेच ऱ्हाई, क्रुसना खाले.”