कडेची ज्वारी

गोजरबाईनं भाकरी तपासणीला आलेल्या साहेबाच्या ताटात टाकली आणि ती दाराआड उभी राहिली. आता वास जाईल नाकात. आता विचारेल. विचारलं की सुटले एकदाची.

लेव्हीची, म्हणजे सक्तीच्या खरेदीची ज्वारी सरकारनं उन्हाळ्यातच उचलली होती. पैसे मात्र अडकले. गावात कुणीतरी धान्य दडवलंय, अशी खबर तालुक्याला लागली. ते सापडेपर्यंत गावातल्या कुणालाच दमडी द्यायची नाही, असा हुकूम सुटला. आता रब्बीची पेरणी तोंडावर आली. शेजारच्या भागूबाईनं तर होती नव्हती ती सगळी ज्वारी लेव्हीला घातली होती, बियाण्यालासुद्धा ठेवली नव्हती. रानाचा वापसा निघून चालला होता. ती रोज बांधावर जायची, मूठभर माती दाबून बघायची आणि परत यायची. येताना गोजरबाईला विचारायची, पाटील काय म्हनत्यात?

पाटील, म्हणजे गोजरबाईचा नवरा कानिफनाथ, काहीच म्हणत नव्हता. दडवलेलं धान्य त्याच्याच गोठ्याखाली, जमिनीत खणलेल्या पेवात होतं. दिवस वाईट आहेत, पोरांच्या पोटाला पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि पोरं काही त्याच्या एकट्याची नव्हती, तिचीही होती. पण गावात दाणा दडवलेला नाही, अशी चावडीत शपथ घ्यायलाही तोच पुढं झाला होता.

नवऱ्याला आपल्या तोंडानं धरून देणं गोजरबाईला जमणारं नव्हतं. म्हणून तिनं ते काम भाकरीवर सोपवलं. पेवात मातीला लागून असते त्या कडेच्या ज्वारीला असा आंबूस, कुबट वास मारतो, की एकदा खाल्लेला माणूस जन्मात विसरत नाही. बायका ती उन्हात घालघालून मग दळतात, आणि पाहुण्याला तर कधीच वाढत नाहीत. गोजरबाईनं पहाटे उठून तीच जात्यात ओतली. न वाळवता.

अलीमसाहेबानं घास तोंडात घातला आणि तो थांबला. तपासणीवर नवाच आलेला, तरणा माणूस. सकाळपासून घरोघरच्या उतरंडी उचकून दमलेला. त्यानं भाकरीचा तुकडा नाकाशी नेला. शेजारी बसलेल्या कानिफनाथानं वास केव्हाच ओळखला होता. त्याचा घास हातातच राहिला.

"वहिनी, ही ज्वारी कुठली?"

"घरचीच हाय, साहेब."

इतकं खरं ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती.

साहेब राजूरचा, डोंगरातला. तिकडं धान्य कणगीत राहतं, चुलीच्या धुराला. पेव त्यानं नुसतं ऐकलेलं. त्याच्या जिभेला ते ठाऊक नव्हतं. त्यानं उरलेली भाकरी कालवणात कुस्करली आणि मान खाली घालून सगळी संपवली. चतकोरही मागं टाकला नाही.

हात धुता धुता तो कानिफनाथाला म्हणाला, की जिथं पाटलाच्याच घरात असली नासकी ज्वारी खातात, तिथं दाणा दडवणार तरी कोण? वर तसंच कळवतो, गावाचे पैसे मोकळे होतील. कानिफनाथानं बायकोकडं असं कौतुकानं पाहिलं, की लग्नापासून कधी पाहिलं नव्हतं. काय डोकं चालवलं बाईनं!

गोजरबाई दाराआडून पुढं आली. बोलायचंच, असं ठरवून आली. 'साहेब' एवढं तोंडातून निघालंही.

पण साहेब आधीच तिच्यापुढं हात जोडून उभा होता.

"वहिनी, आल्यापासून मी तुमच्याच घरावर वहीम घेतला होता. मला माफ करा."